सदतीस नंबरची बरणी

बोरिवलीच्या आमच्या कॉलेजात शिरणं सोपं होतं, सोडून जाणं महाकठीण. दाखला हवा असेल तर एक गुलाबी फॉर्म मिळायचा, ‘नो ड्यूज’चा. लायब्ररी, जिमखाना आणि विज्ञानवाल्यांना प्रत्येक लॅब, सगळीकडे फिरून सह्या घ्यायच्या, की या मुलीकडे आमचं काही बाकी नाही. झूलॉजीत सही मॅडमची असायची, पण मॅडम पेन उचलायच्या आधी लॅब अटेंडंटची लागायची, कारण कोणी किती काचा फोडल्या ते त्यालाच ठाऊक. आमचे अटेंडंट म्हणजे धर्मा कोळी, मुक्काम गोराई. मी त्यांच्याकडे सही मागितली त्याला तेरा वर्षं झाली. त्यांनी ती दिली नाही, आणि आज मी जी काही आहे ती त्या न मिळालेल्या सहीमुळे आहे. हे त्यांच्या तोंडावर सांगायचं राहून गेलं होतं. गेल्या महिन्यात सांगायला गेले, तर त्यांनीच मला असं काही ऐकवलं की माझं भाषण बाजूलाच राहिलं.

धर्माकाका नववीपर्यंत शिकलेले. वडिलांच्या होडीवर हात कमी पडले म्हणून शाळा सुटली. पुढे कॉलेजच्या जुन्या सरांना किनाऱ्यावरचे जीव आणून देणारा माणूस हवा होता, तो त्यांना गोराईच्या खडकांवर सापडला आणि काका नोकरीला लागले. रोज सकाळी फेरीबोटीनं खाडी ओलांडून यायचे. खिशात एक पेन्सिल आणि एक लिंबू. लिंबू कशाला, तर जेवायच्या आधी हाताचा फॉर्मॅलिनचा वास घालवायला. लॅबच्या भिंतीला चारशेच्या वर बरण्या होत्या, खेकडे, माकूळ, गोगलगाई, काय काय, आणि त्यांतल्या बहुतेक काकांनी भरलेल्या. कोणी काचेवर टिचकी मारली की अंगावर यायचे. “ए, टकटक कशाला करतंस? तुज्या दारावर कोन मारतं काय असं?”

लेक्चर चालू असलं की काकांचा नेम ठरलेला: मागच्या भिंतीला टेकायचं नाही, ताठ उभं राहायचं, हात पाठीमागे, आणि ऐकायचं. तेच लेक्चर, तोच बेडूक, तरी दर वर्षी ऐकायचं. आम्ही त्यांना ‘बिनडिग्रीचे प्रोफेसर’ म्हणून चिडवायचो. चिडणं दूरच, त्यांची छाती दोन इंच फुगायची.

आणि मी? मी गार्गी राजेश घाडी, राहणार दहिसर, चेकनाक्याच्या अलीकडची चाळ. मेडिकलची परीक्षा दोनदा दिली, दोनदा आपटले, म्हणून बीएस्सीला आले. आले म्हणजे बसस्टॉपवर उभं राहावं तशी आले, दुसरी बस मिळेपर्यंत. बाबा म्हणायचे, “झूलॉजी करून काय करणार? बेडूक पकडणार?” मला स्वतःलाच उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी बाबांवर डाफरायचे. आमचे लवूआजोबा, गिरणीतून घरी बसलेले, कमी बोलायचे, पण एकदा त्यांनी मला जर्नलमध्ये आकृत्या उतरवताना पाहिलं आणि विचारलं, “गो, तू शिकतंस कित्याक?” साधा प्रश्न. टोमणा नव्हता त्यात. मी म्हटलं, “सगळे शिकतात म्हणून.” आजोबांनी नुसती मान हलवली.

सेकंड इयर संपत आलं तेव्हा बाबांनी पवईच्या एका ऑफिसात माझं जमवून आणलं. सहा महिने ट्रेनिंग, मग कॉम्प्युटरवर बसून दवाखान्यांचे कागद भरायचे. मी हो म्हटलं. गुलाबी फॉर्म आणून बॅगेत ठेवला. मला कॉलेजचा राग नव्हता, प्रेमही नव्हतं.

माझी हजेरी कमी भरली म्हणून झूलॉजीच्या प्रमुख सुलक्षणा मॅडमनी जाता जाता मला एक काम लावलं. तपासणीसाठी बाहेरची कमिटी येणार होती. बरण्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या काढायच्या आणि नवी छापील लेबलं लावायची: शास्त्रीय नाव, वर्ग, नंबर. जुन्या चिठ्ठ्या म्हणजे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेले तुकडे. त्यांवर काकांच्या बारीक पेन्सिलीत प्राण्याचं नाव, खाली ‘चैत्र वद्य अष्टमी’, ‘कार्तिक अमावस्या’ असली तिथी आणि शके. मॅडम म्हणाल्या, “सायन्सची लॅब आहे, इथे पंचांग कशाला? काढून टाक.” मलाही पटलं.

ते दिवस शिमग्याचे. कोळीवाड्यात होळी म्हणजे दिवाळीच्या वरताण, त्यामुळे काका रजेवर. मी मोबाईलवर गाणी लावली, ओल्या फडक्यानं चिठ्ठ्या भिजवल्या, नखांनी खरवडल्या आणि कचऱ्यात टाकल्या. एका दिवसात एकसष्ट बरण्या. वर स्वतःवर खूश.

दुसऱ्या दिवशी काका आले. कानामागे अजून गुलाल होता. भिंतीकडे बघितलं आणि उभेच राहिले.

“चिठ्ठ्या कुठं?”

“काढल्या. मॅडमनी सांगितलं.”

“काडल्या, पन ठेवल्या कुठं?”

“कचऱ्यात.”

ते मागच्या जिन्यानं खाली उतरले. कचऱ्याची गाडी सकाळीच गेली होती. वर येऊन स्टुलावर बसले, आणि मला वाटलं आता शिव्या बसणार. मी उत्तरं तयार ठेवली होती, मला तोंड होतंच. पण त्यांनी एवढंच विचारलं, “काय लिवलं होतं, वाचलंस तरी?”

“नाही.”

“एकसष्ट काडल्या आनि एक पन वाचली नाय?”

ओरडले असते तर परवडलं असतं. मी म्हटलं, “तिथ्याच तर होत्या, काका. तारीख असती तर गोष्ट वेगळी.”

ते उठले. अजून चिठ्ठी शाबूत असलेल्या दोन बरण्या काढून टेबलावर ठेवल्या. दोन्हींत एकाच जातीचा खेकडा. एकावर अष्टमी, एकावर अमावस्या.

“अष्टमीला भांग असतो. पानी थोडंच मागं जातं. म्हंजे हा वरच्या खडकावर गावला. अमावस्येला उधान, तवा सुकती पार लांब जाते. जी जागा येरवी कुनाला दिसत नाय, ती दिसते. हा तितला. एक वरच्या मजल्यावरचा, एक तलघरातला. तारखेवरून तुना ते कललं असतं काय?”

मग त्यांनी हिशेब सांगितला, जो गोराईत शेंबड्या पोराला येतो. तिथीला पाऊणनं गुणायचं, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला सुकती, म्हणजे ओहोटी. मी दोन वर्षं त्या भिंतीसमोर बसले होते. प्रत्येक बरणीवर तो जीव समुद्रात कुठे, किती खोल, कोणत्या ऋतूत राहत होता ते लिहिलेलं होतं, एका नववी शिकलेल्या माणसानं, चोवीस वर्षं, न चुकता. आणि मी ते नखांनी खरवडून टाकलं होतं. मला रडू आलं. रडताना मला राग येतो, म्हणून मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, “मग आता काय करायचं ते सांगा!”

“बस हितं,” ते म्हणाले. “आटवू.”

पुढचे तीन आठवडे रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही आठवत होतो. काका लिंबानं हात धुवायचे, भाकरी खायचे, मग मी एक एक बरणी त्यांच्यासमोर धरायची. ते डोळे बारीक करायचे. “ही? ही भावाच्या हलदीच्या दुसऱ्या दिवशी. माजा आवाज बसला होता. मार्गशीर्ष, वद्य तीज.” “हा माकूळ मंजुलेनं टोपलीतून काडून दिला, ग्राहिकाला इकनार होती.” मंजुळा म्हणजे त्यांची बायको, बोरिवलीच्या बाजारात मासे विकायची. सासरा कधी आजारी पडला, होडी कधी रंगवली, नमिताचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, पहिला दात कधी आला, सगळं त्यांना बरण्यांवरून आठवायचं. मी लिहून घ्यायची. लिहिताना एक गोष्ट लक्षात आली: भिंतीवर उरलेल्या एकाही चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचं नाव नव्हतं. मी नव्या चिठ्ठीवर खाली लिहू लागले, ‘गोळा केले: धर्मा कोळी, गोराई’. त्यांनी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघत नाक पुसलं. सुलक्षणा मॅडमनीही हे सगळं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या घरच्या जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणून दिला. मॅडमची माफी मागायची पद्धत तशीच होती.

एकसष्टपैकी चोपन्न जमल्या. सात राहिल्या. सत्र संपलं. सोमवारपासून पवईला जायचं होतं, म्हणून मी शुक्रवारी गुलाबी फॉर्म काढून काकांपुढे ठेवला. बाकी सगळ्या सह्या झाल्या होत्या.

त्यांनी फॉर्म उलटासुलटा केला. “नाय व्हनार सही. बाकी हाय तुजी.”

“माझी? एक टेस्टट्यूब पण फोडली नाही मी!”

“सात बरन्या.”

“पण तुम्हालाच आठवत नाही ना!”

“सहा नाय आटवत. त्या सोड. पन सदतीस नंबर मना ठावं हाय.”

सदतीस नंबर म्हणजे अंगठ्याएवढी एक समुद्री गोगलगाय, बिनशंखाची, फॉर्मॅलिनमध्ये पांढरीफटक पडलेली. शेजारी तिच्या अंड्यांची फीत, जिलबीच्या वेढ्यासारखी. “मग सांगा ना, लिहिते आणि सुटते.”

“नाय सांगनार. तू काडलंस, तूच लाव.”

“काका, डोकं फिरलंय का? मला कसं कळणार?”

“ही मेलीय बरनीत. पन हिची पोरंबालं खडकावर जिती हायेत. त्यांना इचार.”

मी तणतणत घरी गेले. बाबा म्हणाले, “एवढंच ना, मॅडमना सांग, पाच मिनिटांत सही होईल.” खरं होतं ते. मला फक्त फोन करायचा होता. शनिवार गेला, मी फोन केला नाही. भाजी निवडताना डोक्यात ती गोगलगाय. आंघोळ करताना तीच. ही अंडी कधी घालत असेल? खोल राहत असेल की वर? तो म्हातारा सांगत का नाही? आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी माहीत करून घ्यायचं होतं आणि ते परीक्षेला येणार नव्हतं.

रविवारी सकाळी मी फेरीबोटीत बसले. निघताना हिशेब केला होता. एकवीस तारीख, एकवीस पाऊण पावणेसोळा, म्हणजे भरती दुपारी पावणेचारला, सुकती सकाळी पावणेदहाला. झकास. पावणेदहाला गोराईच्या किनाऱ्यावर पोचले तर खडक सगळे पाण्याखाली आणि लाटा माझ्या चपलांवर. कोणी तरी मंजुळाकाकीला सांगितलं असावं, ती आली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मागून काका.

“तारखेला गुनलंस काय?” ते म्हणाले. “बाय, तारखेनं ऑफिस चालतं, दर्या नाय चालत. आज एकादशी. सव्वाआटला भरती झाली. आता दुपारी सव्वादोन. तोवर जेव.”

मी त्यांच्या घरी जेवले. दुपारी खडकांवर गेले. सदतीस नंबरवाली दिसली नाही, पण दुसरं इतकं काही दिसलं की पाय सोलवटले तरी उठावंसं वाटेना. ज्या जीवांना मी दोन वर्षं पांढरेफटक बघत होते ते जिवंतपणी जांभळे, केशरी, हिरवेगार होते. मला कोणी सांगितलंच नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी मोबाईलवर होते, कोण जाणे. घरी जाऊन बाबांना म्हटलं, पवईला जात नाही. आजोबांनी विचारलं, “मगे, शिकतंस कित्याक?” मी म्हटलं, “एक बरणी बाकी आहे.” ते म्हणाले, “होय? मगे शीक.”

थर्ड इयरनंतर नो ड्यूजच्या फॉर्मवर काकांनी सही केली, पण शेजारी लिहिलं, ‘१ बरणी बाकी’. ऑफिसातल्या क्लार्कनं कपाळाला हात लावला. एमएस्सी झाली, मग त्याच गोगलगाईंवर पीएचडी, आणि आता एका संस्थेसाठी मी मुंबईच्या किनाऱ्यांवरच्या जीवांची नोंद ठेवते. दर वर्षी होळीला काकांचा फोन यायचा. “गावली काय?” “नाही.” “बरं.” सांगायचे मात्र नाहीत. मी एकदा काकुळतीला येऊन विचारलं, तर म्हणाले, फोनचा आवाज कट होतोय.

उत्तर एकदम आलं नाही. सात हिवाळे मी नोंदी घेतल्या. ती गोगलगाय जिवंतपणी गर्द जांभळी असते. अंड्यांच्या फिती मला दर वर्षी पौषाच्या अंधाऱ्या पंधरवड्याच्या शेवटीच मिळाल्या, त्याही अगदी खालच्या खडकांवर, जे फक्त उधाणाच्या सुकतीला उघडे पडतात. बरण्यांचे नंबर काकांनी जीव आणले त्या क्रमाचे. छत्तीस नंबरच्या बरणीवर आम्ही आठवून लिहिलं होतं कार्तिक, शके १९१३. अडतीसवर त्याच वर्षीचा फाल्गुन. मधे एकच पौष. गेल्या महिन्यात मी सुलक्षणा मॅडमकडून सदतीस नंबर मागून घेतली आणि गोराईला गेले.

काका निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. अंगणात जाळं दुरुस्त करत होते. मी बरणी त्यांच्यासमोर ठेवली, दम घेतला आणि म्हटलं, “पौष अमावस्या, शके १९१३. फार तर एक दिवस मागेपुढे. बरोबर?”

त्यांनी बरणी उचलून उजेडात धरली. “असंल,” म्हणाले.

“असंल काय? बरोबर की चूक?”

“मना काय ठावं?”

मला वाटलं, चेष्टा करतायत. आतून मंजुळाकाकी हसायला लागली, तेव्हा कळलं की चेष्टा नाही.

“तुम्ही म्हणालात, सदतीस नंबर ठाऊक आहे म्हणून!”

“तू फॉर्म घेऊन उभी. सोमवारी जानार. तीन आठवडं तू माज्या शेजारी बसून लिवत होतीस, जेवन सोडून. तवर मी चोवीस वर्सं पोरं बघितली होती, बाय. कोनाला काय पायजे ते त्याच्या तोंडावर दिसतं, त्याला सोताला दिसत नाय. तुना काय तरी सांगून थांबवाची होती. हातात हीच बरनी आली.”

तेरा वर्षं. तेरा वर्षं मी मनातल्या मनात या माणसाच्या कपाटातलं कुलूप उघडत होते, आणि कपाट रिकामं होतं. राग यायला हवा होता, मला लगेच येतो. पण मी तिथे जमिनीवर, जाळ्याच्या ढिगाशेजारी बसले आणि जे तयार करून नेलं होतं त्यातलं एकच वाक्य बोलता आलं. “काका, तुम्ही थांबवलं नसतंत तर मी कोण आहे ते मला कळलंच नसतं.” “चा ठेव गं,” असं त्यांनी काकीला सांगितलं.

मग म्हणाले, “पन तू काडलंस कसं ते सांग ना.”

मी सांगायला लागले तसे ते उठले. भिंतीपासून वीतभर अंतरावर ताठ उभे राहिले, हात पाठीमागे. मी अंड्यांबद्दल बोलले, पाण्याच्या उबेबद्दल, अंधाऱ्या पंधरवड्याबद्दल. त्यांनी मधेच दोन प्रश्न विचारले आणि दुसऱ्याचं उत्तर मला आलं नाही. ते त्यांना फार आवडलं.

काकीनं नमिताच्या लग्नातली उरलेली एक पत्रिका शोधून आणली. काकांनी कोरी पाठ कापली, खिशातून पेन्सिल काढली, तिच्या टोकाला थुंकी लावली आणि जुन्याच बारीक अक्षरात लिहिलं: ‘पौष अमावस्या, मागंपुढं एक दिस. शके १९१३. गोला केलं: धर्मा. शोदलं: गार्गी.’ डिंकानं चिठ्ठी बरणीला चिकटवली, अंगठ्यानं कडा दाबल्या आणि बरणी माझ्या हातात दिली.

“घे. आता तुजी काय बाकी नाय.”

मी बरणी छातीशी धरून फेरीबोटीच्या धक्क्यावर आले. काकांचं सगळं ऐकत आलेय मी, पण हे शेवटचं त्यांचं साफ चुकलं.